छाती न उघडता हृदयाची झडप बसवून नऊ महिने झाले

जिना चढताना मधल्या वळणावर थांबायची सवय मला कधी लागली, ते आठवत नाही. सुरुवातीला पिशवी जड आहे म्हणून थांबायचे. मग गुडघे दुखतात म्हणून. मग वरून कुणी उतरत असेल तर त्याच्याशी दोन शब्द बोलायला म्हणून. पंच्याहत्तरी उलटली की असं व्हायचंच, असं मीच मला सांगत राहिले. एक दिवस कपडे वाळत घालायला हात वर केले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. भानावर आले तेव्हा मी जमिनीवर होते. इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, रिपोर्टवर लिहिलं होतं, सिव्हिअर ऑर्टिक स्टेनोसिस. म्हणजे हृदयाची एक झडप फार अरुंद झालेली.

हृदयातून शरीराकडे जाणारं सगळं रक्त महाधमनीच्या तोंडाशी असलेल्या एका झडपेतून बाहेर पडतं. निरोगी झडप उघडली की साधारण ३ ते ४ चौरस सेंटिमीटरची वाट मिळते. ती १ च्या खाली गेली की आजार तीव्र समजतात. माझी ०.७ होती. कॅल्शियम साचून पाकळ्या कडक झाल्या होत्या आणि ते विरघळवणारं औषध नाही. डॉक्टरांनी न लपवता सांगितलं, की धाप आणि भोवळ सुरू झाल्यावर नुसतं थांबून राहिलं तर बहुतेकांच्या हाती दोन-तीन वर्षंच उरतात. हे ऐकताना भीती वाटली, पण आकडा समोर आला म्हणून तरी मी टाळाटाळ थांबवली.

दोन वाटा होत्या. एक, छाती उघडून झडप बदलायची. दुसरी, जांघेतल्या धमनीतून नळी घालून नवी झडप आत न्यायची. हिला टावी म्हणतात. माझी मुलगी पहिल्यांदा ठाम नाही म्हणाली. "आईवर नवे प्रयोग नकोत." डॉक्टरांनी तिला शांतपणे समजावलं. फ्रान्समधल्या रुआँ शहरात आलँ क्रिबिए यांनी पहिल्यांदा माणसात अशी झडप बसवली ती २००२ साली. पुढची अनेक वर्षं ही सोय फक्त ज्यांना मोठं ऑपरेशन झेपणारच नाही अशांसाठी होती. २०१९ मध्ये कमी धोक्याच्या रुग्णांवरच्या मोठ्या चाचण्यांचे चांगले निष्कर्ष आले आणि मग चित्र बदललं. महत्त्वाचं म्हणजे माझ्यासाठी काय करायचं हा निर्णय एकट्या डॉक्टरांनी घेतला नाही. हृदयाचे सर्जन आणि भूलतज्ज्ञही बसले होते. सर्जननी माझे कागद पाहून स्वतः सांगितलं, की यांच्यासाठी जांघेतूनच बरं. छाती उघडणाऱ्या माणसाने तसं म्हटल्यावर मुलीचा जीव भांड्यात पडला.

त्यानंतर तपासण्या. त्यातली सीटी स्कॅन सगळ्यात महत्त्वाची, असं मी आज खात्रीने म्हणेन. माझ्या मते खरं ऑपरेशन तिथेच ठरतं. झडपेच्या कड्याचा घेर किती, कॅल्शियम कुठे जास्त आहे, हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांची तोंडं किती उंचीवर आहेत, जांघेपासून वरपर्यंतची वाट नळी जाण्याइतकी रुंद आहे का, हे सगळं त्यात मोजतात. स्कॅनमध्ये धमन्या स्पष्ट दिसाव्यात म्हणून डाय देतात. तो शिरेत गेला की अंगभर ऊब पसरते आणि लघवी झाल्याचा भास होतो. खरं तसं काही होत नाही, पण आधी कुणी सांगितलं नाही तर माणूस घाबरतो. डायचा मूत्रपिंडावर ताण पडू शकतो, म्हणून आधी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड कसं चाललंय ते दाखवणारं रक्तातलं प्रमाण, तपासलं. दातही तपासून घ्यायला लावले. एक हलणारी दाढ होती, ती झडपेच्या आधीच काढली. तेव्हा मला ते विचित्र वाटलं होतं. कारण पुढे सांगते.

कॅथलॅबमध्ये, म्हणजे नळीने हृदयावर उपचार करतात त्या खोलीत, मी जागी होते. हलकी गुंगी आणि जांघेत बधिर करणारं इंजेक्शन, एवढंच. खोली फार थंड होती. ज्या नळीतून झडप वर नेतात तिची जाडी पाच मिलिमीटरच्या आत-बाहेर असते. झडप स्वतः धातूच्या जाळीत शिवलेली असते आणि माझ्या प्रकारात ती फुग्याभोवती घट्ट आवळून ठेवलेली असते. माझ्या झडपेच्या पाकळ्या गोवंशीय प्राण्याच्या हृदयाभोवतीच्या आवरणापासून बनवल्या आहेत. दुसऱ्या एका प्रकारात डुकराचं आवरण वापरतात. त्याची जाळी निकेल-टायटॅनियमच्या मिश्रधातूची असते. ती थंड पाण्यात मऊ पडते, तेव्हा आवळून ठेवतात, आणि शरीराच्या उष्णतेने ती आपोआप उघडते. ज्यांच्या मनाला या गोष्टी लागतात त्यांनी आधीच विचारून घ्यावं. मी विचारलं होतं आणि विचारल्याबद्दल कुणी नाक मुरडलं नाही.

मग डॉक्टर म्हणाले, "आजी, आता थोडं गळून गेल्यासारखं वाटेल. मोजून काही सेकंद." फुगा फुगवताना झडप जागेवरून ढकलली जाऊ नये म्हणून एका तारेने हृदयाचे ठोके मिनिटाला १८० च्या वर नेतात. तेवढा वेळ हृदय नुसतं थरथरतं, रक्त फारसं पुढे जात नाही. माझे कान बंद झाले, समोरचा दिवा लांब गेला, आणि कुणीतरी माझा हात घट्ट धरलेला जाणवत राहिला. मग आवाज परत आले. "बसली," एवढं एकच वाक्य मला स्पष्ट आठवतं. जुनी झडप काढत नाहीत. नवी तिला बाजूला सारून तिथेच उघडते. आत नेल्यापासून बाहेर आणेपर्यंत दीड तासही लागला नाही.

खरी परीक्षा त्यानंतर होती. पाय सरळ ठेवून सहा तास उताणं पडायचं, मान उचलायची नाही, कूस बदलायची नाही. माझ्या कमरेने त्या सहा तासांत जे सोसलं ते जांघेतल्या जखमेने सगळे दिवस मिळून सोसलं नाही. ज्यांची पाठ आधीच दुखते त्यांनी नर्सला आधीच सांगावं. गुडघ्याखाली किंवा कमरेखाली काय ठेवता येईल ते त्या बघतात. झोपून लघवी करायची सवयही दोन दिवस आधी घरी करून पाहावी. मी ती केली नाही आणि त्याचा त्रास झाला.

रात्री दुसरीच काळजी सुरू झाली. हृदयाला ठोक्याचा संदेश नेणारा तंतूंचा जुडगा या झडपेच्या अगदी खालून जातो. नवी जाळी त्यावर दाबली गेली तर संदेश अडतो. झडपेचा प्रकार आणि आधीचा ईसीजी यांवर अवलंबून, साधारण १०० पैकी ५ ते २० जणांना कायमचा पेसमेकर बसवावा लागतो. माझ्या ईसीजीत त्या तंतूंच्या डाव्या फांदीत नवा अडथळा दिसला. मानेतून घातलेली तात्पुरती तार रात्रभर तशीच ठेवली. सकाळी ठोके स्थिर होते, तार काढली. तिसऱ्या दिवशी घरी सोडलं, पण दोन आठवडे छातीवर ठोके नोंदवणारं यंत्र चिकटवून. पेसमेकर लागला नाही. मला त्या रात्री फार भीती वाटली होती, कारण ही शक्यता मी सही केलेल्या कागदावर असूनही माझ्या डोक्यात नव्हती. तुम्ही ती डोक्यात ठेवा.

जांघेतला काळानिळा डाग गुडघ्यापर्यंत उतरला. निळा, हिरवट, मग पिवळा, आणि तीन आठवड्यांत गेला. रक्त गुरुत्वाकर्षणाने खाली झिरपतं, त्यात घाबरायचं नसतं. सूज वाढत असेल, गाठ ठणकत असेल, रक्त वाहत असेल किंवा पाय थंड पडत असेल तर मात्र थांबायचं नाही. तिथे जोरात दाब द्यायचा आणि मदत बोलवायची. दहा दिवस मी जड काही उचललं नाही.

आता मुद्द्याचं. मला वाटलं होतं, झडप बसली की मी पूर्वीसारखी. श्वास खरोखर पहिल्याच रात्री मोकळा झाला. दोन वर्षांनी मी एका उशीवर झोपले. पण पाय चालेनात. धाप लागत नव्हती आणि तरी दोनशे पावलांत मांड्या थरथरायच्या. फिजिओथेरपिस्टने कारण सांगितलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. आजार अंगवळणी पडत होता तसतशी मी एकेक गोष्ट सोडत गेले होते, आणि त्या दोन-अडीच वर्षांत स्नायू झिजले होते. अरुंद वाटेतून रक्त ढकलून ढकलून हृदयाची भिंतही जाड झाली होती. ती सैल पडायला महिने लागतात. फुग्याने एका मिनिटात अडथळा दूर केला. बाकीचं माझ्याकडेच राहिलं होतं. रोज थोडं चालणं, खुर्चीतून हात न टेकता उठणं, दर आठवड्याला थोडी वाढ. साधारण चौथ्या महिन्यात मला स्वतःला फरक जाणवला.

बीपीचंही तसंच. वाट मोकळी झाल्यावर माझं बीपी वाढलं आणि आधीच्या गोळ्या पुरेनात. दोनदा बदलाव्या लागल्या. मन पहिल्या महिन्यात फार हळवं झालं होतं. रात्री छातीवर हात ठेवून मी आवाज ऐकू येतो का बघायचे. येत नाही. टिकटिक धातूच्या झडपेची असते, ही मुकी असते. तिच्यासाठी रक्त पातळ करण्याची ती मोजूनमापून घ्यायची गोळीही लागत नाही. मला फक्त ॲस्पिरिन आहे. ठोके अनियमित असणाऱ्यांचं वेगळं असतं.

एक तक्रार मनापासून नोंदवते. मला जिथून घरी सोडलं तिथे निघताना दहा मिनिटांत कागद हातात दिले आणि दाताबद्दल कुणी एक शब्द बोललं नाही. हिरड्यांतून रक्तात शिरलेले जंतू कृत्रिम झडपेवर घर करू शकतात, आणि तो संसर्ग जिवावर बेततो. म्हणून दात काढणं किंवा हिरड्यांना इजा करणारी सफाई करण्याआधी अँटिबायोटिकचा एक डोस घ्यायचा असतो. हे मला पाचव्या महिन्यात माझ्या दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं. त्यांनी बसवलेल्या झडपेची माहिती असलेलं कार्ड मागितलं म्हणून बरं झालं. आधी दाढ का काढायला लावली तेही तेव्हा कळलं. कारण नसलेला ताप दोन दिवस टिकला तर घरातल्या घरात अँटिबायोटिक सुरू न करता आधी रक्ताची तपासणी करायची, हे आता आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे.

माझा नऊ महिन्यांचा इको : झडपेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबातला सरासरी फरक आधी ५२ मिलिमीटर पारा होता, आता ११ आहे. झडपेच्या कडेने अगदी थोडी गळती आहे. जुनी झडप आतच असल्याने नवी सगळीकडे सारखी चिकटत नाही, त्यातून ती राहते. पहिल्या महिन्यात होती तेवढीच आहे, वाढलेली नाही. दर वर्षी इको करायचा आहे.

ओळखीतली एक ५८ वर्षांची बाई माझ्या छातीवर टाका नाही हे पाहून म्हणाली, मलाही हेच करायचंय. तिला मी सांगितलं, माझी छाती बघून ठरवू नकोस. प्राण्याच्या ऊतकाची झडप कायमची नसते. ती खराब झाली की तिच्या आत दुसरी बसवता येते, पण सगळ्यांना नाही, आणि दर वेळी वाट थोडी अरुंद होते. ७६ व्या वर्षी माझ्यासाठी हा हिशेब वेगळा होता. तिच्या वयाला पुष्कळदा छाती उघडूनच झडप बदलायचा सल्ला देतात. दोन्ही डॉक्टरांना, नळीवाल्यांना आणि सर्जनना, एकत्र बसवून विचार, एवढंच मी तिला सांगितलं.

परवा जिना चढले. पहिला मजला न थांबता, दुसराही. तिसऱ्याच्या वळणावर गुडघ्यामुळे थांबले. फिजिओथेरपिस्ट सोबत होती, तिने नाडी मोजली, श्वास पाहिला. खरंच गुडघाच होता.