कोतवाल बुकाची नक्कल: तहसीलच्या अभिलेख कक्षातून काय हाती लागतं

आजोबाच्या जन्माचा कागद हवा असला की वऱ्हाडातला कास्तकार शेवटी तहसीलच्या अभिलेख कक्षाशी येतो. तिथली कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या कोतवालाच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची, नक्कल कामाची आहे आणि फार पैसेही लागत नाहीत. पण अर्जात मौजा, म्हणजे नोंदीचं गाव, चुकला की हेलपाटे ठरलेले, आणि तो बहुतेकांचा चुकतोच.

नोंद होते ती जन्म जिथे झाला तिथे. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे थोरल्याची नोंद आईच्या माहेरच्या बुकात शोधावी. हॉलिवूडची जुनी नटी मर्ल ओबेरॉन आपला जन्म टास्मानियातला सांगत राहिली. नोंद निघाली मुंबईत, 1911 ची. त्यात आई म्हणून नाव होतं कॉन्स्टन्सचं, जी घरात तिची बहीण म्हणवली जायची. आई म्हणून वाढवणारी शार्लट ही खरी तिची आजी! एका कागदाने गावही बदललं आणि आईही.

दुसरी अडचण तालुक्याची. गडचिरोली 1982 ला चंद्रपुरातून निघालं, वाशीम 1998 ला अकोल्यातून, गोंदिया 1999 ला भंडाऱ्यातून. तालुकेही फुटले. बुक नव्या तहसीलीत नसेल तर जुन्या तहसीलीत विचारा. अर्जात वडील-आजोबांची नावं आणि अंदाजे साल लिहा, मागचीपुढची दोन-तीन सालंही मागा. गठ्ठे गावनिहाय असतात, नावावरून शोधायची सोय नाही. या सेवेची मोठी उणीव हीच.

पान उघडलं की पुन्हा गोंधळ. तारीख, बापाचं नाव, जात आणि पुढे नुसतं ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’. बारसं नंतरचं, त्यामुळे बाळाचं नावच नाही. दोन भावांपैकी हा कोणता, हे शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरशी ताडून पाहावं लागतं, आणि तिथे गुरुजींनी सहा वर्षं भरवायला टाकलेली 1 जुलै! तारखा जुळल्या नाहीत म्हणून नक्कल खोटी ठरत नाही. मोडीतली नोंद असेल तर सोबत लिप्यंतर जोडा. मोबाईलवर काढलेला पानाचा फोटो चालत नाही. नकलेवर मौजा, साल, सही, शिक्का आहे ना, ते खिडकीवरच पाहून घ्या.

1 एप्रिल 1970 नंतरचा जन्म असेल तर ग्रामपंचायतीत जा. नोंदच नसेल तर आधी अनुपलब्धतेचा दाखला घ्यावा. जन्माला वर्ष उलटल्यावर नोंद करायची तर पूर्वी न्यायदंडाधिकाऱ्याचा आदेश लागायचा. ऑक्टोबर 2023 पासून ते काम जिल्हाधिकारी किंवा उपविभागीय अधिकाऱ्याकडे आहे.

आईबापाबद्दल मात्र या कागदाकडून जास्त मागू नये. खबर देणाऱ्याने जे सांगितलं ते लिहिलं, इतकंच. काना-मात्रा जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम 15 खाली दुरुस्त होतो; बापच बदलायचा तर कोर्टाची पायरी चढावी लागते. अविवाहित आईला बापाचं नाव सांगायची सक्ती नाही, सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्येच प्रतिज्ञापत्रावर दाखला द्यायला सांगितलंय. हे खिडकीवरच्या बाबूला माहीत असेलच असं नाही. निकालाची प्रत सोबत ठेवा.