चिपळूणच्या एका एसी गॅरेजमधील कूलिंग कॉइल सफाई : एका वर्षानंतरचा अभिप्राय

आमच्या गाडीला सहा वर्षे झाली असून त्यांपैकी चार पावसाळे तिने कोकणात काढले आहेत. गेल्या वर्षी जूनमध्ये एसी सुरू करताच पहिली दोन-तीन मिनिटे आंबूस, कुबट वास येऊ लागला. रात्रभर बादलीत राहिलेल्या ओल्या फडक्याला येतो, अगदी तसा. पुढे तो विरत असे, पण कुंभार्ली घाटात एसी बंद करून पुन्हा लावला की परत भपकारा येई आणि आईला मळमळू लागे.

आधी गाडी एका मोठ्या सर्व्हिस सेंटरला दाखवली. तेथे एसीचा गॅस भरून दिला आणि झडपांतून सुगंधी फवारा मारला. आठवड्याच्या आत वास परतला, आणि त्यात त्या फवाऱ्याचा गोडसर दर्प मिसळल्यामुळे तो अधिकच असह्य झाला. एसीचा गॅस बंद नळ्यांमधून फिरत असतो. केबिनमधल्या कुबट वासाशी त्याचा काहीही संबंध नसतो, हे मला नंतर समजले. थंडावा कमी झालेला नसताना केवळ वासासाठी कोणी गॅस भरायला सांगत असेल, तर वाचकांनी ठाम नकार द्यावा.

त्यानंतर शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून ज्या छोट्या गॅरेजमध्ये गेलो, त्याच्या कामाविषयी हा अभिप्राय आहे. तेथील मिस्त्रींनी कोणतेही हत्यार हाती घेण्याआधी एसी दहा मिनिटे चालू ठेवला, गाडीखाली वाकून पाहिले आणि विचारले, "डाव्या बाजूचं पायपुसणं ओलं लागतं का?" ते खरोखरच ओले होते, आम्ही मात्र ते पावसाचे पाणी समजत होतो. डॅशबोर्डच्या मागे असलेल्या थंडगार कूलिंग कॉइलवर हवेतील बाष्प साचून त्याचे पाणी होते आणि ते एका बारीक नळीतून गाडीखाली ठिबकायला हवे. आमच्या गाडीखाली जमीन जवळपास कोरडी होती, म्हणजेच ती नळी तुंबली होती, पाणी आत साठत होते आणि त्या ओलीवर धूळ बसून बुरशी व जिवाणू वाढत होते.

ग्लोव्ह बॉक्स उतरवून त्यांनी केबिन फिल्टर, म्हणजे गाडीत येणारी हवा गाळणारी जाळी, बाहेर काढला. मूळचा पांढरा फिल्टर करडा पडला होता आणि त्याच्या घड्यांमध्ये गुलमोहराची बारीक पाने चिकटलेली होती, कारण गाडी त्याच झाडाखाली उभी असते. मग त्या जागेतून बारीक कॅमेरा आत सोडून त्यांनी मोबाइलच्या पडद्यावर कॉइल दाखवली, तेव्हा ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांवर गोधडीसारखा मळाचा थर बसलेला स्पष्ट दिसला. ग्राहकाला दोष डोळ्यांनी दाखवून मगच खर्च सांगण्याची ही पद्धत मला फार मोलाची वाटली.

आधी खालून बेताच्या दाबाने हवा मारून नळी मोकळी केली, आणि हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण नळी तुंबलेली असताना फेस मारला तर मळ आतच राहतो. मग इंजिन व ब्लोअर (हवा आत ढकलणारा पंखा) बंद ठेवून कॉइलवर सफाईचा फेस मारला आणि पंधरा मिनिटे तसाच राहू दिला. गाडीखाली ठेवलेल्या घमेल्यात उकळलेल्या चहासारखे तपकिरी पाणी उतरले. दुसऱ्यांदा फेस मारल्यावर मात्र ते जवळजवळ नितळ आले. शेवटी काचा उघडून ब्लोअर पूर्ण वेगाने चालवला आणि नवा फिल्टर बसवला. डॅशबोर्ड खोलण्याची गरजच पडली नाही. फिल्टरसह एकूण 1,350 रुपये झाले.

उणिवाही सांगायला हव्यात. फेसातल्या औषधाचा उग्र वास दोन दिवस रेंगाळला, आणि दमा असलेल्या व्यक्तीने तेवढे दिवस त्या गाडीत न बसणेच बरे. पक्के बिल मागून घ्यावे लागले. शिवाय फेस कॉइलच्या प्रत्येक कोपऱ्यात पोहोचतोच असे नाही, हे मिस्त्रींनी स्वतःच आधी सांगितले होते. थर फारच जुना असेल, तर कॉइल बाहेर काढावी लागते आणि ते काम बरेच खर्चाचे असते.

निघताना त्यांनी सांगितलेली सवय आम्ही कसोशीने पाळत आहोत. मुक्काम येण्यापूर्वी चार-पाच मिनिटे एसीचे बटण बंद करून ब्लोअर चालू ठेवायचा आणि बाहेरची हवा आत घ्यायची, म्हणजे इंजिन बंद होईपर्यंत कॉइल बरीचशी सुकते. समोरच्या काचेखालच्या जाळीत अडकलेली पाने दर रविवारी वेचायची. फिल्टर वर्षाला एकदा, पावसाळा संपल्यावर बदलायचा.

या वर्षी जुलैमध्ये सलग चार दिवस गाडी पावसात उभी राहिली, तेव्हा पुसटसा वास पुन्हा आला. काचा उघड्या ठेवून दहा मिनिटे हीटरवर पूर्ण वेगाने ब्लोअर चालवल्यावर तो गेला. डावे पायपुसणे कोरडे आहे, एसी लावल्यावर गाडीखाली पाणी ठिबकते, आणि मागच्याच आठवड्यात आई घाटातून कराडपर्यंत काच खाली न करता आली.