चिपळूणचं रेकॉर्डवाल्या काकांचं दुकान: जुन्याला पाच स्टार, नव्याला अडीच

चिंचनाक्याकडून आत गल्लीत शिरलं की हे दुकान लागतं, पाटीबिटी काही नाही, बाहेर दुरुस्तीला आलेले मिक्सर आणि पंखे पडलेले असतात, त्यामुळे आत भिंतभर रेकॉर्डी असतील असं कुणाला वाटणारपण नाही. २०२१ च्या जुलैतल्या पुरात सगळा माल पाण्यात गेला होता. कॅसेटी संपल्याच, पण रेकॉर्डी काकांनी नळाखाली धुऊन सावलीत वाळवल्या आणि त्यातल्या बऱ्याच वाचल्या. कव्हरं मात्र गेली. म्हणून अर्ध्याअधिक रेकॉर्डी आता खाकी कागदात असतात आणि वर बॉलपेननं काकांच्या अक्षरात नाव, तेपण त्यांना सुचेल ते. ‘काश्मीर संतूर, सकाळी ऐकणे’ असं लिहिलेलं मी उघडून बघितलं तर आत कॉल ऑफ द व्हॅली हा अल्बम, १९६७ चा! शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसादांची बासरी, ब्रिजभूषण काबरांची गिटार, आणि एका मेंढपाळाचा अख्खा दिवस पहाटेपासून वेगवेगळ्या रागांतून सांगितलेला. आज हे सगळ्यांना सवयीचं झालंय पण त्या काळात शास्त्रीय संगीतात संतूर आणि गिटार घेऊन अशी गोष्ट सांगायची म्हणजे धाडसच होतं.

लावून ऐकल्याशिवाय काका रेकॉर्ड विकत नाहीत, हा त्यांचा नियम मला सगळ्यात आवडला. "ऐक आधी, मग पैशाचं बघू." बुरशीचा ठिपका कुठाय तेपण स्वतःच दाखवतात, बोट लावून, इथे दोनदा टिक टिक करेल म्हणून. आपल्याकडच्या दमट हवेत हे सांगणारा दुकानदार मिळणं म्हणजे नशीब.

चरणजित सिंगांचा टेन रागाज टू अ डिस्को बीट हा अल्बमपण पहिल्यांदा इथेच ऐकला. हिंदी सिनेमाच्या गाण्यांत वाजवणारा हा माणूस १९८२ ला रोलँड कंपनीची टीबी-३०३ (बेसचा सिंथेसायझर) आणि टीआर-८०८ (ड्रम वाजवणारं मशीन) ही यंत्रं घेऊन बसला आणि त्यावर भैरव, ललत, मालकंस वाजवला. तेव्हा कुणी फारसं विचारलं नाही. पुढे १९८७ ला शिकागोतून अ‍ॅसिड हाउस म्हणून नाचायचं इलेक्ट्रॉनिक संगीत आलं, आणि कितीतरी वर्षांनी ही रेकॉर्ड परत सापडली तेव्हा लोक चाट पडले, की अरे हे तर मुंबईत आधीच होऊन गेलंय. काकांकडे २०१० नंतरची परत काढलेली प्रत आहे पण ती विकायची नाही, फक्त ऐकायची, कितीही मागा.

आता नवीन प्रेमगीतं. त्यासाठी काउंटरच्या दुसऱ्या टोकाला काकांचा पुतण्या बसतो, रिक्षावाल्यांना पेनड्राईव्ह भरून देतो (कायद्याचं विचारू नका). फोल्डरचं नाव ‘लव न्यू फायनल २’. आत तेच गाणं साधं, मग स्लोड (संथ केलेलं), मग लोफाय (मुद्दाम मंद, धूसर आवाजातलं), मग डीजे, आणि शब्द नीट ऐकले तर सगळ्यांत तुझ्याविना अधुरा मी. मोबाईलवर शोधलं तरी हेच येतं, त्यामुळे एकट्या पुतण्याला दोष देत नाही. पण चांगलं काही सांग म्हटलं तर त्याची गाडी २०१६ च्या सैराटवर येऊन थांबते. सैराट भारीच आहे, हॉलिवूडच्या स्टुडिओत ऑर्केस्ट्रा रेकॉर्ड करून आणला अजय-अतुलनी, पण त्याच्यापुढे काय रे बाबा?

काका म्हणाले मागे जा. कॉल ऑफ द व्हॅली एचएमव्ही या रेकॉर्ड कंपनीत ज्यांनी करून घेतला ते जी. एन. जोशी म्हणजे ‘रानारानात गेली बाई शीळ’ गाणारेच, हे मला माहीतच नव्हतं! भावगीत नवीन होतं तेव्हा ते गाणारा माणूस, तोच पुढे संतूर-गिटार एकत्र बसवून घेतो. प्रेमगीतपण तेव्हा प्रयोगच होता ना. मग काकांनी १९९८ चा गारवा हा अल्बम काढून दिला, गायक मिलिंद इंगळे आणि कवी सौमित्र, मधे मधे कविता बोललेली, पाऊस तर आहेच. नवीन म्हणायला तो जुनाच झाला, पण ‘लव न्यू फायनल २’ पेक्षा ताजा वाटला. पुतण्याला म्हटलं, हे टाक तुझ्या फोल्डरमधे. म्हणे रिक्षात बास वाजत नाही त्याला.

भाव ठीक आहेत, कव्हर नसलेली रेकॉर्ड शंभर-दीडशेला जाते, घासाघीस केलेली काकांना आवडत नाही. दुपारी एक ते चार बंद. पावसात जाणार असाल तर जाड प्लास्टिकची पिशवी आपली आपण न्या, त्यांच्याकडची तळाला फाटलेली असते.