ब्रिटन की ऑस्ट्रेलिया? कोल्हापुरातल्या सिस्टरांसाठी

परदेशात नर्स म्हणून जायचं तर जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करून सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा खासगी दवाखान्यात ड्युटी करणाऱ्यांना ब्रिटन सोपं. ऑस्ट्रेलिया पदवीच्या दर्जाचं शिक्षण मागते, म्हणजे बीएस्सी नसेल तर तिथं गाडी अडते.

इंग्रजीत फारसा फरक नाही: आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत लेखनात साडेसहा, बाकी सगळ्यांत सात. लेखनातच बऱ्याच जणी अडकतात. नर्सिंग कौन्सिलची पडताळणीही दोन्हीकडे लागते. ती आधी मार्गी लावा.

परीक्षांत मात्र खरा फरक आहे. ब्रिटनची सीबीटी, म्हणजे संगणकावरची परीक्षा, भारतात देता येते. त्यात औषधांच्या डोसची गणितं असतात. मग तिथं जाऊन ऑस्की, म्हणजे प्रात्यक्षिक परीक्षा: दहा स्टेशनं, प्रत्येक ठिकाणी एक काम करून दाखवायचं. औषध द्यायच्या आधी नाव, जन्मतारीख, अ‍ॅलर्जी तोंडानं विचारायची, नुसतं पेशंटच्या मनगटावरच्या पट्टीवर बघून चालत नाही. आपल्याकडं वॉर्डात पन्नास पेशंट असताना ही सवय लागतेच कुठं! ऑस्कीची फी ७९४ पौंड, पण नोकरी देणारं हॉस्पिटल ती बऱ्याचदा भरतं.

ऑस्ट्रेलियाला एनक्लेक्स ही संगणकावरची नर्सिंगची परीक्षा, मग ॲडलेडला ऑस्की. तो खर्च बहुधा आपल्याच खिशातून.

माझं मत विचाराल तर आधी ब्रिटन. तिथं १८०० तास काम झालं की एप्रिल २०२५ पासून ऑस्ट्रेलियाचा जलद मार्ग खुला आहे, परत परीक्षा नाही.