त्वचेत न शिरणारी सुई: कोल्हापुरातल्या अभ्यासासाठी घ्यावी का?

औषधाच्या चाचणीत तुलनेच्या गटाला साखरेची गोळी देऊन भागतं. अ‍ॅक्युपंक्चरमध्ये सुई टोचली की नाही हे रुग्णाला कळतंच, ही पहिली अडचण. त्यावर स्ट्राइटबर्गर आणि क्लाइनहेन्झ या जर्मन डॉक्टरांनी १९९८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातून ही त्वचेत न शिरणारी खोटी सुई मांडली. नाटकातल्या खंजिरासारखीच युक्ती: टोक बोथट, आणि दाबलं की सुई मुठीत सरकते. बघणाऱ्याला वाटतं, कातडीत गेली. ती उभी राहावी म्हणून खाली प्लास्टिकची कडी आणि कडीवर चिकटपट्टी. खरी सुईही त्याच कडीतून, त्याच पट्टीतून टोचायची.

फसवण्यात ती चांगली आहे. त्या पहिल्या प्रयोगात ६० जणांना हातावरच्या हेगू बिंदूवर दोन्ही सुया लावल्या. खरी आत शिरल्याचं ५४ जणांना जाणवलं, खोटी शिरल्याचं ४७ जणांना. गळती दुसरीकडे आहे. 'दे-ची', म्हणजे सुईभोवती येणारा तो बोथट ठणका, खरीने ३४ जणांना आला, खोटीने फक्त १३ जणांना. आधी अ‍ॅक्युपंक्चर घेतलेला रुग्ण या ठणक्यावरूनच ओळखतो. त्यामुळे भरती करताना आयुष्यात कधीच सुया न घेतलेले लोक निवडा.

कोल्हापुरात पहिली कुरकुर करते ती चिकटपट्टी. कंबरदुखीचा माणूस तेल चोळूनच येतो, त्यात एप्रिल-मेचा घाम. कडी सरकते, सुई कलते आणि सोंग उघडं पडतं. जागा आधी साबणाच्या पाण्याने, मग स्पिरिटने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. ओल्या स्पिरिटवर पट्टी धरत नाही. केस ट्रिमरने काढायचे असतील तर दोन्ही गटांचे काढा. डोक्यावर आणि बोटांवर कडी बसत नाही. तिरकी सुई लागणारे बिंदू यादीत असतील तर ही सुई विसरा.

सुई काढताना होणारी चूक तर फारच साधी आहे. खऱ्या सुईनंतर कधीकधी रक्ताचा थेंब येतो, खोटीनंतर येत नाही. म्हणून दोन्ही गटांत प्रत्येक बिंदूवर कापूस दाबून धरायचा आणि रुग्णाला न दाखवता टाकायचा. एकाच गावाहून एकाच वडापने (शेअर जीपने) आलेल्या दोघांना लागोपाठची वेळ देऊ नका. बाहेर बाकावर 'तुला ठणकलं काय?' झालं की संपलं.

टोचणाऱ्याला मात्र हातातली सुई कोणती ते माहीत असतंच, आणि त्याचा चेहरा बोलतो. जपानच्या ताकाकुरा आणि याजिमा यांच्या सुईत (२००७) अपारदर्शक नळीत भरलेला भराव हाताला कातडीसारखा अडसर देतो, म्हणजे टोचणाराही अंधारात राहतो. पण सुई नळीतच राहत असल्याने नेहमीच्या पद्धतीने वरखाली करून ठणका आणणारे वैद्य तिच्यावर नाखूश असतात, आणि त्यांची तक्रार रास्त आहे.

खरा आक्षेप वेगळाच आहे. ही सुई साखरेच्या गोळीसारखी रिकामी नाही. बोथट टोकाचा स्पर्श आणि दाबही मज्जातंतूंना जागं करतो. जर्मनीतल्या जेराक चाचणीत (२००७, कंबरदुखीचे ११६२ रुग्ण) खोटा उपचार म्हणजे बिंदू सोडून वरवर टोचणं होतं. फरक पडला खऱ्याने ४७.६ टक्क्यांना, खोट्याने ४४.२ टक्क्यांना आणि नेहमीच्या उपचाराने २७.४ टक्क्यांना. तिसरा गट नसता तर लोक 'अ‍ॅक्युपंक्चर निरुपयोगी' म्हणून मोकळे झाले असते. म्हणून नुसत्या दोन गटांसाठी ही सुई घेऊ नका. 'कातडी भेदल्याने काही वेगळं होतं का' एवढाच प्रश्न ती तपासते.

प्रबंधाचं बजेट तुटपुंजं असेल आणि रुग्ण पालथा झोपणार असेल तर टूथपिकही चालते, ही थट्टा नाही. अमेरिकेत २००९ च्या ६३८ रुग्णांच्या चाचणीत मार्गदर्शक नळीतून टूथपिक टेकवून फिरवली होती. पाठीकडे डोळे नसतात. हातावर मात्र हा खेळ जमणार नाही.

संमतीपत्रात 'खोटी सुई' लिहिलं की रुग्ण पहिल्या दिवसापासून हेरगिरी करतो. 'त्वचेत न शिरणारी सुई' लिहा; ते खरंही आहे. सीटीआरआयवर (भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांची सरकारी नोंदवही) नोंदणी पहिला रुग्ण घेण्याआधी हवी. पहिल्या बैठकीनंतर आणि शेवटी विचारा, 'तुम्हाला कुठली सुई मिळाली असं वाटतं?' आणि 'सांगता येत नाही' हा तिसरा पर्याय ठेवा. 'टोचलं काय?' असं विचारू नका, दोन्ही गट 'होय' म्हणतील.

मागणी नोंदवताना हिशेब चुकतो तो कड्यांचा. ६० रुग्ण, निम्मे खोट्या गटात, ८ बिंदू, १० बैठका धरल्या तर खोट्या सुया २४००, पण कड्या आणि पट्ट्या ४८००, कारण त्या खऱ्या सुईलाही लागतात. निसटणाऱ्या पट्ट्या त्याच्या वर.