चुलीचा उजेड तैलरंगात: एका बैठकीत की ग्लेझ चढवून?

चुलीपुढे भाकरी थापणारी बाई, खळ्यावरची शेकोटी, होळीच्या रात्रीचे चेहरे. बेळगाव-खानापूरकडच्या चित्रकाराला विषयांची ददात नाही. अडतं ते रंग लावताना: ओल्यात ओलं करून एका बैठकीत उरकायचं, की खालचा थर वाळवून वर ग्लेझ, म्हणजे पारदर्शक रंगाचा पातळ थर, चढवायचं?

एका बैठकीचं काम चटकन उभं राहतं. बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी टर्पेंटाइनमध्ये पातळ करून कॅनव्हासवर फासायचा, उजेडाच्या जागा फडक्याने पुसून काढायच्या आणि तिथे कॅडमियमचे पिवळे-नारिंगी रंग जाड लावायचे. अंधारात विरणारी पाठ, पदराची कड ओल्या रंगात आपसूक मऊ होते. मॉडेल समोर असेल तर हीच पद्धत सोयीची.

खटकतो तो पांढरा. आगीचा उजेड खालून येतो. हनुवटी, नाकाचा तळ, भुवईखालची कड लखलखते आणि कपाळ अंधारात जातं. त्या लखलखीसाठी नारिंगीत टायटॅनियम व्हाइट घातला की रंग उजळतो, पण गार पडतो. चेहऱ्याला पीठ लागल्यासारखं दिसतं. ते झाकायला पिवळा, त्यावर पुन्हा पांढरा, तोवर खालचा अंबर वर येऊन चिखल. नेपल्स यलोने त्रास कमी होतो, जात नाही.

ग्लेझमध्ये पांढरा खालीच राहतो. पांढऱ्यात थोडा यलो ऑकर घालून उजेडाचा भाग हवा त्याहून पायरीभर उजळ रंगवा आणि आठवडाभर वाळू द्या. मग ट्रान्स्परंट ऑक्साइड रेड किंवा इंडियन यलो, माध्यम एक भाग स्टँड ऑइल (घट्ट केलेलं जवसाचं तेल) आणि दोन भाग टर्पेंटाइन. लावून फडक्याने टिपा. उजेड या थरातून खालच्या पांढऱ्यावर आपटून परततो, म्हणून त्वचा आतून पेटल्यासारखी दिसते. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं चित्रकार सा. ल. हळदणकरांचं दिवा घेतलेल्या स्त्रीचं चित्र जलरंगातलं आहे. तिथे खालच्या पांढऱ्याचं हे काम कागद करतो. अलिझारिन क्रिमसन मात्र ग्लेझला नको, पातळ थरात उडतो.

आपला पावसाळा ग्लेझच्या मुळावर येतो, हे खरं. जुलैत आठवड्याचे पंधरा दिवस सहज होतात, आणि खालचा थर चिकट असताना घाई केली तर तो ब्रशबरोबर उचलून येतो. लवकर वाळणाऱ्या अल्किड माध्यमाने बरंच निभावतं.

दोन्हींत एक सारखंच: आगीपासून अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई उरतो. मागच्या माणसाला पुढच्याइतका उजळ केला की शेकोटी गेली, ट्यूबलाइट आली.

वाळायची वाट बघवतच नसेल तर पहिली पद्धत वाईट म्हणणार नाही. पांढऱ्याची ट्यूब तेवढी हाताला लागणार नाही अशी ठेवा.