बाळाच्या गॅसचे ड्रॉप्स: औषध ठीक आहे, ड्रॉपरने मात्र जीव खाल्ला

सायमेथिकोन (पोटातले बुडबुडे फोडणारं औषध), शेपूचं तेल, बडीशेपेचं तेल. तान्ह्या बाळाच्या घरी ही बाटली असतेच, त्यामुळे ते काय आहे ते सांगत बसत नाही. आमच्या लेकीला डॉक्टरांनी पहिल्या महिन्यातच लिहून दिले आणि ती चार महिन्यांची होईपर्यंत ते घरात होते. अनुभव लिहावासा वाटला तो मात्र मेडिकलमध्ये घडलेल्या एका गोष्टीमुळे.

नेहमीची बाटली संपली म्हणून नवरा नवीन आणायला गेला. ती नव्हती. काउंटरवरच्या माणसाने दुसऱ्या कंपनीची दिली, "हे पण गॅसचंच, सेमच आहे" म्हणून. घरी खोका वाचला तर सायमेथिकोनच्या जोडीला डायसायक्लोमिन! म्हणजे आतड्याचा पीळ सैल करणारं औषध. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ते द्यायचंच नसतं. इतक्या लहान बाळांमध्ये श्वास अडखळणं, झटके येणं, अंग सैल पडणं असे प्रकार त्याने झाल्याची नोंद आहे. माझी लेक तेव्हा दोन महिन्यांची होती. मी बाटली परत पाठवली, डॉक्टरांना फोन केला आणि तेव्हापासून आमच्या घरात नियम झाला: बाटलीचं नाव सांगून औषध आणायचं नाही, चिठ्ठी दाखवायची आणि खोक्यावरचे घटक काउंटरवरच वाचायचे. मागे रांग असली तरी.

आता ड्रॉपर. याबद्दल मी कितीही बोलू शकते.

आमच्या बाटलीत १ मिलीत ४० मिलिग्रॅम सायमेथिकोन होतं आणि डॉक्टरांनी एका वेळी अर्धा मिली सांगितला होता, म्हणजे २० मिलिग्रॅम. हा अर्धा मिली मोजायला कंपनीने जो ड्रॉपर दिला, त्याच्यावरच्या रेघा शाईच्या. गरम पाण्याने धुवायला लागल्यावर थोड्याच दिवसांत त्या पुसट झाल्या आणि मग गेल्याच. औषध दाट, त्यामुळे ओढताना खाली हवेचा बुडबुडा अडकतो आणि रेघेपर्यंत औषध आहे की हवा ते रात्रीच्या दिव्यात कळत नाही. पुढच्या बाटलीतला ड्रॉपर वेगळ्याच मापाचा निघाला. सासूबाई म्हणाल्या, थेंब मोज, वीस थेंबांचा एक मिली. पण तो हिशोब पाण्यासारख्या पातळ औषधाचा. दाट औषधाचा थेंब त्याच मापाचा पडेल असं नाही, आणि ड्रॉपरचं तोंड रुंद असलं तर थेंब मोठा पडतो. अहो, औषधाला पैसे घेता, खोका रंगीत छापता आणि मोजायचं साधन असं देता? रेघा कोरून द्यायला असा किती खर्च येणार आहे?

शेवटी मेडिकलमधून १ मिलीची साधी सिरिंज आणली. सुई तिथेच काढून टाकायला लावली. हिच्यावर बारीक रेघा असतात, अर्धा मिली म्हणजे अर्धाच. टोपण छोटं असतं, ते बाळाच्या आसपास ठेवू नका. आणि इन्सुलिनची सिरिंज कुणी देऊ केली तर घेऊ नका, तिच्यावर मिली नसून युनिट असतात, घोळ होतो. औषध आधी बाटली नीट हलवून घ्यायचं, कारण बाटली ठेवून दिली की सायमेथिकोन वेगळं होतं. बाळाला मांडीवर डोकं वर ठेवून धरायचं, सिरिंज गालाच्या आतल्या बाजूला, थोडं थोडं सोडायचं. घशात पिचकारी मारायची नाही.

मापाचाच आणखी एक किस्सा. न्यू जर्सीच्या नणंदेने फोनवर सांगितलं, "आम्ही ०.३ मिली देतो, तू अर्धा का देतेस?" तिच्या बाटलीचा फोटो मागवला तर तिकडे ०.३ मिलीतच २० मिलिग्रॅम. तिकडचं औषध जास्त तीव्र, डोस तोच. कुणी मिलीचा आकडा सांगितला की मिलिग्रॅम विचारा.

औषधाबद्दलचं माझं मत मात्र मध्येच बदललं. सुरुवातीला मी भेटेल त्याला सांगत होते की जादू आहे. पोट गच्च व्हायचं, बाळ पाय पोटाशी घ्यायचं, ड्रॉप्स दिले की काही वेळाने शांत. नंतर डॉक्टरांनी समजावलं. सायमेथिकोन पोटातले छोटे बुडबुडे फोडून एकत्र आणतं, रक्तात जात नाही, शीमधून तसंच बाहेर पडतं. म्हणून ते बऱ्यापैकी निर्धोक. पण बाळाच्या या रडण्यावर ते नुसत्या गोड पाण्यापेक्षा फार काही करतं असं अभ्यासांमध्ये दिसलेलं नाही. हे रडणं साधारण सहाव्या आठवड्याला सगळ्यात जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरतं. आमच्याकडे खरा फरक पडला तो पाजताना मध्ये थांबून ढेकर काढल्याने आणि बाळाने स्तन तोंडात नीट धरल्याने. मग मी ड्रॉप्स फक्त खूपच त्रास असेल तेव्हा द्यायला लागले आणि बाटली कितीतरी जास्त दिवस पुरली. वेखंडाची बाळगुटी उगाळायचा आग्रह झाला, तो मी हात जोडून नाकारला. सहा महिने अंगावरचं दूध आणि डॉक्टरांनी दिलेलं औषध, बास.

बाळाला थायरॉइडचं औषध चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे ड्रॉप्स देऊ नका, त्याच्या शोषणात अडथळा येऊ शकतो. आणि हिरवी उलटी, शीमध्ये रक्त, कडक फुगलेलं पोट, दूध न घेणं किंवा तीन महिन्यांच्या आत १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप, यातलं काहीही दिसलं तर गॅस समजून ड्रॉप्स देत बसायचं नाही. सरळ दवाखाना, रात्र असली तरी.

शेवटची बाटली अर्धी उरली. जाऊबाईंनी त्यांच्या बाळासाठी मागितली. पैसे वाया जाणं मला अजिबात सोसत नाही, तरी दिली नाही. उघडून बरेच दिवस झाले होते आणि त्यांच्या बाळाला डॉक्टरांनी काय सांगितलंय ते मला माहीत नव्हतं. कोरी, पॅकबंद सिरिंज मात्र दिली.